वाघ आहेत, मग दिसत का नाहीत? प्राणिसंग्रहालयातले बदल नेमके कुठे रखडतात?

वाशिम जिल्ह्यात मोठं प्राणिसंग्रहालय नाही. मुलांना वाघ दाखवायचा तर नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून सकाळी निघून रात्री घरी परतणं सोपं झालं. त्यामुळे एकदाच नव्हे, तर दरवर्षी जाणारी कुटुंबंही आहेत.

वारंवार जाणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक सगळीकडे सारख्याच असतात. पिंजरा रिकामा आहे, हत्ती गेला, नवे प्राणी येणार असं नुसतं ऐकतोय, तिकीट वाढलं, काम वर्षानुवर्षं सुरूच आहे. यातल्या काही गोष्टींमागे कायदा आणि प्राण्यांची सुरक्षा आहे, तर काहींमागे निव्वळ ढिलाई. दोन्हींतला फरक समजून घेऊया.

नियम कोण ठरवतं?

संग्रहालय महापालिकेचं असो, विद्यापीठाचं असो की वन विभागाचं, मान्यता एकाच संस्थेकडून घ्यावी लागते. ती म्हणजे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये हे प्राधिकरण स्थापन झालं. प्राण्याला किती जागा हवी, डॉक्टर कोण, पुढच्या वर्षांचा विकास आराखडा काय, हे सगळं २००९ च्या मान्यता नियमांत येतं. आठवड्यातून एक दिवस दार बंद ठेवण्याचा नियमही त्यातलाच. गोरेवाडा सोमवारी आणि मुंबईतली राणीची बाग बुधवारी बंद असते, ती यामुळेच.

नवा प्राणी यायला एवढा वेळ का?

प्राणी बाजारातून विकत आणता येत नाही. मान्यताप्राप्त संग्रहालयं आपसात देवाणघेवाण करतात आणि त्यासाठी प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. त्यानंतर प्रवास, आणि आल्यावर काही काळ वेगळं ठेवणं, म्हणजे विलगीकरण. या काळात प्राणी आलेला असतो, पण प्रेक्षकांना दिसत नाही.

राणीच्या बागेतले शक्ती आणि करिश्मा हे वाघ फेब्रुवारी २०२० मध्ये संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून असेच आले. सिंहांचं घोडं मात्र अडलं. गुजरातकडून सिंह घ्यायचे तर बदल्यात झेब्रे द्यायचे, असं ठरत होतं. झेब्रे परदेशातून आणायचे होते. पण २०२० मध्ये थायलंडमध्ये घोड्यांच्या वर्गातल्या प्राण्यांना होणाऱ्या आफ्रिकन हॉर्स सिकनेसची साथ आली. साथीच्या काळात असे प्राणी देशात आणणं धोक्याचं असतं. प्रेक्षकाला फक्त रिकामं आवार दिसतं, त्यामागची ही साखळी दिसत नाही.

गोरेवाड्यात वाघ आहेत, पण सगळे का दाखवत नाहीत?

नागपूरचं बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यान २६ जानेवारी २०२१ रोजी खुलं झालं. तेव्हा सुरू झाली ती इंडियन सफारी. वाघ, बिबट्या, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी अशा वेगवेगळ्या भागांतून बस फिरते. आफ्रिकन सफारी आणि नाइट सफारी पुढच्या टप्प्यांवर ठेवली गेली. पहिल्या दिवसापासून ही नावं ऐकलेल्यांना ‘अजून कधी?’ हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

याच परिसरात वन्यजीव बचाव केंद्र आहे. जखमी झालेले, अनाथ बछडे किंवा माणसांशी संघर्ष झाल्यामुळे पकडलेले वाघ-बिबटे तिथे येतात. हे केंद्र म्हणजे दवाखाना आहे, प्रदर्शन नव्हे. तिथे प्रेक्षकांना प्रवेश नसतो आणि तो नसणंच योग्य आहे.

ही काळजी किती गरजेची आहे, ते डिसेंबर २०२४ मध्ये दिसलं. केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. त्यानंतर राज्यभरातल्या प्राणिसंग्रहालयांना सावध राहण्याच्या सूचना गेल्या. अशा वेळी एखादा भाग अचानक बंद दिसला, तर तो प्रेक्षकांना त्रास देण्यासाठी नसतो.

हत्ती कुठे गेले?

हा बदल कायमचा आहे. हत्तीला रोज मैलोन्‌मैल चालायची सवय असते आणि तो कळपात राहतो. शहरातल्या संग्रहालयात हे शक्य नाही. म्हणून नोव्हेंबर २००९ मध्ये प्राधिकरणाने संग्रहालयांतले हत्ती जंगलालगतच्या छावण्यांमध्ये हलवण्याचा निर्णय घेतला. लहानपणी हत्ती पाहिलेल्या पालकांना रुखरुख लागते, पण हत्तीच्या दृष्टीने हा बदल चांगलाच आहे.

मग ढिलाई कुठे आहे?

नागपूरचं महाराजबाग प्राणिसंग्रहालय १८९४ चं. ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे, म्हणजे वाशिमचे शेतकरी ज्याला ‘पीकेव्ही’ म्हणतात त्याच विद्यापीठाकडे. २०१८ मध्ये प्राधिकरणाने त्याची मान्यता रद्द करण्याचा निर्णय घेतला. मंजूर आराखडा आणि पूर्णवेळ अधिकाऱ्यांची पदं हे त्यातले कळीचे मुद्दे होते. पुढे संग्रहालय सुरू राहिलं, पण टांगती तलवार घेऊन.

त्याच वर्षी सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयावरही हीच वेळ आली. तिथे मुख्य अडचण अपुऱ्या जागेची. उपाय म्हणून मिटमिटा इथे मोठ्या जागेवर सफारी पार्क उभारून प्राणी तिकडे हलवायचं ठरलं. त्यालाही वर्षं गेली.

इथे उशिराची किंमत प्राणी मोजतात. मान्यता धोक्यात आली की देवाणघेवाण अडते. जोडीदार मिळत नाही, जास्तीचे प्राणी दुसरीकडे देता येत नाहीत आणि नव्या बांधकामावर खर्च करायला कोणी धजावत नाही. जुना पिंजरा तसाच राहतो. रिक्त पद भरणं किंवा आराखडा वेळेत सादर करणं यासाठी ना झेब्रा लागतो, ना विलगीकरण. हा उशीर टाळता येण्यासारखा असतो.

सफारींना न्यायालयाची परवानगी का?

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक अंतरिम आदेश दिला. वनजमिनीवर नवं प्राणिसंग्रहालय किंवा सफारी उभारायची असेल, तर न्यायालयाची अंतिम मंजुरी घ्यावी लागेल. त्यामुळे घोषणा ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा : जागा वनजमीन आहे का, आणि मंजुरी मिळाली आहे का?

तिकीट वाढलं, मग सुविधा वाढल्या का?

राणीच्या बागेत २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यातला एक त्याच वर्षी दगावला. कक्ष मार्च २०१७ मध्ये खुला झाला. ऑगस्ट २०१७ पासून प्रौढांचं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झालं. दोन मुलं असलेल्या चौघांच्या कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवली गेली. या वाढीवर मोठा वाद झाला. नेहमी येणाऱ्यांचा मुद्दा तेव्हाही हाच होता आणि आजही आहे : पैसे द्यायला हरकत नाही, पण ते कुठे गेले ते दिसलं पाहिजे.

प्रेक्षक काय विचारू शकतात?

‘काम कधी होणार?’ या प्रश्नाला ‘लवकरच’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारा.

• मान्यता कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि कोणत्या अटींवर?
• विकास आराखडा मंजूर आहे का?
• पशुवैद्यक आणि जीवशास्त्रज्ञ ही पदं भरली आहेत का?
• वर्षभरात किती प्राणी जन्मले, किती आले, किती दगावले?

प्राण्यांची ही नोंद ठेवणं आणि प्राधिकरणाला देणं बंधनकारक आहे. संग्रहालय सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो.

आणि प्राणी पाहायला प्रत्येक वेळी नागपूरच गाठायला हवं असं नाही. कारंजा तालुक्यातलं कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठी राखलेलं आहे. तिथे काळवीट दिसेलच याची खात्री कोणी देत नाही. पण दिसला, तर तो मोकळ्या माळावर धावताना दिसतो.