पिच्छाकृती

मधल्या एका कण्याच्या दोन्ही बाजूंना, एकाच पातळीत, पिसातल्या तंतूंप्रमाणे भाग ओळीने मांडलेले असले की त्या रचनेला पिच्छाकृती म्हणतात. पिच्छ म्हणजे पीस. संज्ञा मुख्यतः पानांसाठी वापरली जाते. पक्षी, स्नायू, शैवले आणि सागरी प्राणी यांच्या वर्णनातही ती येते. युरोपीय भाषांतली तिची रूपे लॅटिन ‘पिन्ना’ आणि ‘पेन्ना’ या पीस किंवा पंख अशा अर्थाच्या शब्दांवरून आली आहेत. कार्ल लिनिअस यांनी १७५१च्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात पानांच्या आकारांची परिभाषा नीट बांधून दिली, आणि दोन वर्षांनी करंजाचे नामकरण करताना ‘पिन्नाटस’ हे विशेषण त्याला लावले. वंशाचे नाव पुढे अनेकदा बदलले, विशेषण मात्र ‘पिन्नाटा’ या रूपात आजही टिकून आहे. करंज ओळखायला त्याचा उपयोग थोडाच, कारण अशी पाने असलेली झाडे असंख्य आहेत. संज्ञा आकार सांगते, नाते सांगत नाही. नेचे, सायकस, नारळ आणि चिंच यांची पाने पिच्छाकृती असली तरी हे वनस्पतिगट एकमेकांपासून फार दूरचे आहेत आणि प्रत्येकाने हा आकार आपापल्या वाटेने मिळवला आहे.

पिच्छाकृती संयुक्त पानात देठाच्या पुढे गेलेल्या कण्याला पर्णाक्ष म्हणतात आणि त्यावरच्या पानासारख्या दिसणाऱ्या तुकड्यांना पर्णिका. टोकाला एकटी पर्णिका असली तर पान विषमदली, जोडीने संपले तर समदली. गुलाब आणि करंज विषमदली. चिंच, बहावा, टाकळा आणि सीतेचा अशोक समदली. टाकळ्याला पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या असतात, चिंचेला दहा ते वीस. कडुनिंबाची गणना विषमदलींत होते, पण त्याची टोकाची पर्णिका पुष्कळदा नसतेच, त्यामुळे पुस्तक घेऊन झाडाखाली उभा राहिलेला विद्यार्थी गोंधळतो. पर्णिका समोरासमोर असाव्यात असाही नियम नाही. कढीपत्त्यावर त्या बऱ्याचदा एकाआड एक येतात. पर्णाक्षाला पुन्हा तसेच उपाक्ष फुटले तर पान द्विपिच्छाकृती होते: बाभूळ, खैर, शमी, शिरीष, गुलमोहर. गुलमोहराच्या एका मोठ्या पानात हजारावर पर्णिका भरतात. शेवग्याचे पान बहुधा त्याहून एक पायरी पुढचे, त्रिपिच्छाकृती असते. लाजाळूचे पानही द्विपिच्छाकृतीच, पण त्याचे उपाक्ष देठाच्या टोकाशी इतके जवळजवळ येतात की ते पंजासारखे दिसते. खऱ्या पंजाकृती पानात, म्हणजे काटेसावर किंवा निर्गुडीच्या पानात, सगळ्या पर्णिका एकाच बिंदूतून निघतात आणि मधे पर्णाक्ष नसतो.

तीन पर्णिकांच्या पानांत हा भेद बारकाईने पाहावा लागतो. पळस आणि पांगाऱ्याच्या मधल्या पर्णिकेचा देठ बाजूच्या दोघींपेक्षा बराच लांब असतो. तो लांब तुकडा म्हणजे उरलेला पर्णाक्ष, म्हणून ही पाने पिच्छाकृतीच ठरतात. ‘पळसाला पाने तीनच’ या म्हणीतली तीन पाने वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकच पान आहे. म्हणीचे त्यात काही बिघडत नाही. बेलाचे त्रिदळही असेच. बेल ज्या कुळातला, त्याच कुळात कढीपत्ता आणि लिंबूही आहेत, आणि तिघे शेजारी ठेवले तर संयुक्त पान कसे आटत जाऊ शकते याचा चांगला नमुना हाती येतो. कढीपत्त्याला पंधरा-वीस पर्णिका, बेलाला तीन, लिंबाला एक. लिंबाचे पान साधे वाटते, पण पाते आणि देठ यांच्यामध्ये एक सांधा असतो. पपनसाच्या पानात तर त्या सांध्याखाली देठाला रुंद पंख असतात आणि सांधा नजरेत भरतो. साध्या पानाला तिथे सांधा असण्याचे कारण नाही. म्हणून अशा पानाला एकपर्णिकी संयुक्त पान म्हणतात.

पान कुठले आणि पर्णिका कुठली, हे ठरवण्याची कसोटी कळी. पान जिथे फांदीला जोडलेले असते त्या बेचक्यात कळी असते, पर्णिकेच्या बेचक्यात ती नसते. शिवाय पर्णाक्षाच्या टोकाला वाढता कोंब नसतो. पान पुरे वाढले की संपले. या कसोटीवर आवळा सगळ्यांना फसवतो. त्याच्या बारीक डहाळ्या चिंचेच्या पानासारख्या दिसतात आणि हंगामात पानासारख्या गळूनही पडतात, पण त्यांवरच्या प्रत्येक चिमुकल्या पानाच्या बेचक्यात फुले येतात. म्हणजे आवळ्याची पाने साधी आणि डहाळी संयुक्त पानाचे सोंग घेणारी. भुईआवळीचेही तसेच. उलटा प्रकार कोकणात आणि सामाजिक वनीकरणात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचा. तिचे कोयत्यासारखे ‘पान’ म्हणजे चपटा झालेला देठ आहे, त्याला पर्णिका नाहीत. नुकत्याच उगवलेल्या रोपावर मात्र काही दिवस खरी द्विपिच्छाकृती पाने दिसतात.

पाते अखंड असूनही मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना शिरा निघत असतील तर शिराविन्यास पिच्छाकृती असतो. आंबा आणि केळ ही उदाहरणे. केळीचे पान वारा त्या शिरांच्या रेषेत फाडतो आणि उघड्यावरच्या केळीला पिसासारखी पाने मिळतात, पण त्यामुळे ती संयुक्त ठरत नाहीत. पात्याला मध्यशिरेच्या दिशेने खोल कातरे असतील तर पान पिच्छछेदित, जसे पिवळ्या धोत्र्याचे. नारळाची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याचे पान कळीत असताना घड्या घातलेले एकसंध पाते असते आणि वाढताना ते ठरलेल्या घड्यांवर उकलते. हिरासकट सुटी झालेली प्रत्येक पाती ही अशी उकललेली घडी आहे. ताडाच्या पंख्यासारख्या पानातही घड्या असतात, पण लांब पर्णाक्ष नसतो. माडाच्या कुळात द्विपिच्छाकृती पाने फक्त भेरली माडाच्या वंशात आढळतात.

पाते असे तुकड्यांत वाटण्याने झाडाला काय मिळते, याची उत्तरे एकाहून अधिक आहेत. लहान पर्णिकेवरचा हवेचा स्थिर थर पातळ असतो, म्हणून ती उष्णता लवकर सोडते. वाऱ्याचा मारही कमी लागतो: स्टीव्हन व्होगेल या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वातबोगद्यातल्या प्रयोगांत पिच्छाकृती पाने जोराच्या वाऱ्यात पर्णिका मिटून अरुंद झाल्याचे दिसले. वनस्पतिशास्त्रज्ञ टॉमस गिव्हनिश यांनी मांडलेली कल्पना अधिक लक्षात राहण्याजोगी आहे. त्यांच्या मते पर्णाक्ष ही टाकून देण्याजोगी फांदी आहे. लाकूड न घालता झाड एका हंगामापुरती लांब फांदी उभी करते आणि कोरडे दिवस आले की ती पानासकट टाकते. दख्खनच्या कोरड्या रानातली सालई, मोई, बहावा आणि खैर पाहता हे पटते. पण त्याच रानात रुंद, साध्या पानांचा साग सुखाने वाढतो, तेव्हा या कल्पनेला सर्वत्र लागू होणारा नियम समजू नये.

पर्णिकांची हालचाल हा या पानांचा सर्वांत जुना अभ्यासविषय. पर्णिकेच्या आणि देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका अंगाच्या पेशींतून क्षार आणि त्यांच्यामागे पाणी बाहेर पडले की ते अंग सैल होते आणि पर्णिका मिटतात. चिंच, शिरीष आणि टाकळा रात्री पाने मिटतात ते यामुळेच. अलेक्झांडरच्या मोहिमेतील अँड्रोस्थेनिसने इराणच्या आखातातील टायलॉस बेटावर, म्हणजे आजच्या बहारीनमध्ये, रात्री पाने मिटणारे झाड पाहिल्याची नोंद ग्रीक लेखक थिओफ्रास्टसमुळे आपल्यापर्यंत पोहोचली. ते झाड चिंच होते असे सामान्यतः मानतात. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये झाँ-झाक द मेराँ यांच्या निरीक्षणाचा अहवाल प्रसिद्ध झाला. लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवले तरी त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडतात आणि रात्री मिटतात, असे त्यांना आढळले होते. सजीवांच्या आतल्या घड्याळाचा अभ्यास इथून सुरू झाला असे म्हणता येते. जगदीशचंद्र बोस यांनी पुढे कोलकात्यात लाजाळूतील विद्युत्संकेत स्वतः घडवलेल्या उपकरणांनी मोजले.

पर्णिका कायम पर्णिकाच राहते असेही नाही. वाटाण्याच्या पानात टोकाकडच्या पर्णिकांचे ताणे होतात. ‘अफिला’ नावाच्या उत्परिवर्तनात उरलेल्या पर्णिकांचेही ताणे होतात, आणि असा वाटाणा एकमेकांना धरून शेतात उभा राहतो, म्हणून त्यापासून तयार केलेले वाण लागवडीत आले.

पिसाशी तुलना कुठवर न्यायची, हेही पाहायला हवे. पिसाच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पिच्छक असतात, पिच्छकांवर तशाच पिच्छिका, आणि पिच्छिकांना बारीक आकड्या. त्या अर्थाने पीस स्वतःच द्विपिच्छाकृती आहे. पण आकड्यांमुळे पिच्छक एकमेकांत अडकून सलग पाते बनते आणि विस्कटले तर पक्षी चोचीने ते पुन्हा जुळवतो. पर्णिकांना असा जोड नाही. मोराच्या पिसाऱ्यात पिच्छक मोकळे असतात, म्हणून पानाशी साम्य तिथे जास्त दिसते. पूर्ण वाढलेले पीस हे मृत केराटिन असते आणि पान जिवंत असते, हा फरक तर मूळचाच. पिसाचे टोक आधी तयार होते आणि बूड शेवटी. पर्णिका मात्र काही झाडांत बुडाकडून, काहींत टोकाकडून येतात.

पक्ष्यांच्या वर्णनात ही संज्ञा विरळ आहे. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी कोंबडीच्या मानेच्या दोन्ही बाजूंना लांब पिसांचे झुबके असतात, विणीच्या दिवसांत नर ते शिंगांसारखे उभारतो. त्यावरून तिला पूर्वी ‘पिनेटेड ग्राउज’ म्हणत. लिनिअस यांना १७५८ मध्ये त्याच झुबक्यांवरून क्युपिड या प्रेमदेवतेचे पंख आठवले आणि जातीचे नाव ‘क्युपिडो’ पडले. तिची पूर्व किनाऱ्यावरची ‘हीथ हेन’ ही उपजात मॅसॅच्युसेट्समधील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर १९३२ मध्ये नामशेष झाली. टिबुकली आणि वारकरी यांच्या बोटांना पाळ्या असतात, अशा पायांसाठीही जुन्या पुस्तकांत याच धातूचा शब्द येतो. सील आणि वॉलरस यांच्या ‘पिनिपीडिया’ या गटनामात तोच शब्द आहे, पण तिथे अभिप्रेत परासारखा पाय आहे, पिसासारखी रचना नव्हे.

जीवाश्मांत कच्छ आणि राजमहाल टेकड्यांतील ‘टायलोफायलम’ प्रसिद्ध आहे. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ पिसासारखे पान, आणि ते भूशास्त्रज्ञ मॉरिस यांनी १८४० मध्ये दिले. पाण्यातल्या करंडक वनस्पतींचे, म्हणजे डायॅटम या सूक्ष्म शैवलांचे, वर्तुळाकार आणि पिच्छाकृती असे दोन गट पूर्वापार केले जातात, दुसऱ्यांच्या कवचावर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना रेघा असतात. स्नायूंत तंतू मधल्या कंडरेला तिरके येऊन मिळतात तेव्हा स्नायू पिच्छाकृती. तेवढ्याच जागेत अधिक तंतू मावतात, म्हणून जोर वाढतो आणि आखडण्याची लांबी घटते. एका बाजूने तंतू आले तर एकपिच्छ, दोन्हींकडून आले तर द्विपिच्छ. माणसाच्या मांडीचा पुढचा सरळ स्नायू द्विपिच्छ असतो आणि खांद्यावरचा त्रिकोणी स्नायू बहुपिच्छ. पक्ष्याच्या छातीत मोठ्या स्नायूखाली दडलेला, पंख वर उचलणारा लहान स्नायूही द्विपिच्छच आहे.