कॉट बेसिस (पुणे)

कॉट बेसिस ही पुणे शहरात, विशेषतः सदाशिव पेठ, नारायण पेठ व नवी पेठ या भागांत रूढ असलेली विद्यार्थ्यांच्या निवासाची भाडेपद्धती आहे. या पद्धतीत सदनिका किंवा खोली भाड्याने न देता खोलीतील एक खाट (कॉट) दिली जाते आणि भाड्याची आकारणी खाटेमागे दरमहा होते. एका खोलीत सामान्यतः दोन ते चार विद्यार्थी राहतात. स्नानगृह सामाईक असते.

पार्श्वभूमी

स. प. महाविद्यालय (स्थापना १९१६) याच परिसरात टिळक रस्त्यावर आहे, तर फर्ग्युसन महाविद्यालय (स्थापना १८८५) नदीपलीकडे आहे. महाविद्यालयांच्या वसतिगृहांत जागा मर्यादित असल्याने बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना पेठांतील वाड्यांत आसरा घ्यावा लागे. पुढे वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, तरी खाटेने जागा देण्याची पद्धत टिकली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांची संख्या वाढल्यावर लालबहादूर शास्त्री रस्त्याच्या आसपास खासगी अभ्यासिका, मेस व पुस्तकांची दुकाने यांची दाट वस्ती झाली. मराठवाडा, विदर्भ व खानदेशातून आलेल्या या विद्यार्थ्यांचा दिवस बहुधा अभ्यासिकेतच जातो. खाट ही केवळ झोपण्यापुरती व सामान ठेवण्यापुरती जागा उरते.

जुन्या भाडेकायद्याचाही या पद्धतीशी संबंध आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती. १ फेब्रुवारी १९७३ रोजी वैध करारान्वये जागेत राहत असलेल्या परवानाधारकांनाही नंतरच्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. दिलेली जागा परत मिळणार नाही ही मालकांची धास्ती त्यातून बळावली. शिक्षण संपताच गावी परतणारा आणि खोलीचा स्वतंत्र ताबा नसलेला विद्यार्थी त्यांना सोयीचा वाटे.

व्यवहाराचे स्वरूप

जागेची माहिती विजेच्या खांबांवरील व अभ्यासिकांच्या फलकांवरील चिठ्ठ्यांतून, ओळखीतून किंवा दलालामार्फत मिळते. अनामत रक्कम बहुधा एक-दोन महिन्यांच्या भाड्याइतकी असते. वीजबिल भाड्यात धरले आहे की नाही, गरम पाणी मिळते का आणि जागा सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यावी, यांवरून वाद होतात. मुलींच्या जागांमध्ये रात्री परतण्याच्या वेळेची अट सहसा अधिक कडक असते. सर्वांत जास्त तक्रारी अनामत रकमेच्या परताव्याबाबत असतात. बोली तोंडी असल्याने रंगकाम वा दुरुस्तीच्या नावाखाली कपात झाली, तर विद्यार्थ्याच्या हाती पुरावा नसतो.

परीक्षा लांबणीवर पडल्यास मुक्काम वाढतो आणि खाटेचे व मेसचे पैसे चालूच राहतात. घरून शेतीच्या उत्पन्नावर पैसे येणाऱ्यांना हा भार जड जातो.

कायदेशीर बाजू

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेपट्टा तसेच संमती व परवाना करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असून, लेखी नोंदणीकृत करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी टाळणे मालकाच्या फायद्याचे असते, या सार्वत्रिक समजुतीला ही तरतूद छेद देते.

‘पेइंग गेस्ट’ या संज्ञेचा वापर मात्र सैलपणे होतो. अधिनियमाच्या व्याख्येनुसार मालक स्वतः राहत असलेल्या जागेचा काही भाग ज्याला परवान्याने दिला जातो, तोच पेइंग गेस्ट होय. मालक अन्यत्र राहत असलेल्या सदनिकेतील खाटांना हे नाव दिले, तरी ती व्याख्या लागू होत नाही.

खासगी वसतिगृहे व तत्सम निवासांवरील वस्तू व सेवा कराबाबत जुलै २०२४ मध्ये सूट देण्यात आली. दरमहा दरडोई २०,००० रुपयांपर्यंतचे शुल्क आणि सलग किमान ९० दिवसांचे वास्तव्य, अशा तिच्या अटी आहेत. पेठांतील खाटेचे भाडे या मर्यादेच्या बरेच खाली असते.