संप खाणीत, भरपाई बंद कारखान्यात

१/ कामगाराने संप केला नाही, तो कामावर यायला तयार होता; तरीही इतरांच्या संपामुळे त्याचे काम थांबले. अशा बेकार दिवसांची भरपाई त्याला मिळावी का? सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली याच प्रश्नावर दिलेल्या निकालाची ही कहाणी.

२/ प्रश्न जुना आहे. ब्रिटनच्या १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही उद्योगांत बेकारभत्ता सुरू केला. मात्र औद्योगिक वादामुळे कारखाना थांबला, तर काम बंद असेपर्यंत तेथील कामगार त्यास अपात्र ठरत.

३/ भारतात असा विमा नव्हता. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नसल्याने मालक काम देऊ शकला नाही, म्हणजेच ‘ले-ऑफ’ झाला, तर पात्र कामगारास मूळ वेतन व महागाईभत्त्याच्या ५० टक्के भरपाई मालकाने द्यावी, असे ठरले.

४/ पण कलम २५-ई मध्ये अपवाद होता: त्याच आस्थापनेच्या दुसऱ्या भागातील संपामुळे ले-ऑफ झाला असेल, तर भरपाई नाही.

५/ तत्कालीन बिहारमधील झिंकपाणी येथे एसीसी कंपनीचा चाईबासा सिमेंट कारखाना होता. त्याला चुनखडी पुरवणारी राजांका येथील खाणही कंपनीचीच. १९५५ साली खाणीत संप झाला. चुनखडी थांबली, कारखान्यातील काही विभाग बंद पडले आणि तेथील कामगारांना ले-ऑफ मिळाला.

६/ औद्योगिक न्यायाधिकरणाने कामगारांच्या बाजूने निवाडा दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. सारा वाद एका शब्दावर येऊन ठेपला: खाण आणि कारखाना ही ‘एक आस्थापना’ की दोन? खाणीसाठी केंद्र सरकार आणि कारखान्यासाठी राज्य सरकार हे सक्षम शासन, म्हणून दोन्ही वेगळ्या, असाही युक्तिवाद झाला.

७/ कायद्यात ‘आस्थापना’ची व्याख्याच नव्हती. न्यायालयाने मालकी, नियंत्रण, भौगोलिक सान्निध्य, उद्देशाची एकता आणि कामाचे परस्परावलंबन या कसोट्या लावल्या. आस्थापना एकच ठरली, अपील मंजूर झाले आणि कामगारांची भरपाई गेली.

८/ या कसोट्यांत एक प्रश्न कुठेच नव्हता: त्या कामगाराचा संपाशी काही संबंध होता का? कलमाने तो विचारलाच नव्हता. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा अपवाद कायम आहे.