बारावीनंतर बीएसडब्ल्यू: प्रवेश घेण्याआधी फील्डवर्क समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा, आता पुढं काय? नर्सिंग, आयटीआय, बी.ए. ही नावं सगळ्यांना माहीत असतात. बीएसडब्ल्यूचं नाव काढलं की मात्र घरचे विचारतात, "समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते?" प्रश्न रास्त आहे. तीन वर्षं आणि घरचा पैसा घालण्याआधी त्याचं उत्तर माहीत असलेलं बरं.

बीएसडब्ल्यू म्हणजे काय?

बॅचलर ऑफ सोशल वर्क, म्हणजे समाजकार्य विषयातली पदवी. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेतून बारावी पास झालेल्याला प्रवेश घेता येतो. अभ्यासक्रम ३ वर्षांचा, ६ सत्रांचा. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवीही आहे.

भारतात या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १९३६ साली तिथं सर दोराबजी टाटा यांच्या नावानं समाजकार्याची संस्था निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे 'टिस'. तिचं एक केंद्र धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला आहे. आज राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालयं आहेत.

डिग्री कशाला लागते?

एक उदाहरण घेऊ. गावात पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलंय. चांगल्या मनाचा माणूस घरी जाऊन भांडेल, लग्न मोडेलसुद्धा. पण आठ दिवसांनी तेच लग्न दुसऱ्या गावात, पाहुण्यांच्या शेतात गुपचूप लागू शकतं.

शिकलेला समाजकार्यकर्ता वेगळ्या वाटेनं जातो. २००६ च्या कायद्यानुसार मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण लागतं. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ वर फोन करता येतो. मुलीला संरक्षण हवं असेल तर प्रकरण बाल कल्याण समितीपुढं जातं. मुलीचं नाव किंवा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकणं हा गुन्हा आहे, हेही त्याला माहीत असतं.

लग्न थांबलं म्हणून काम संपत नाही. आईवडील ऊसतोडीला जाणार असतील, तर तरण्या पोरीला सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही त्यांची खरी काळजी असते. वसतिगृह, शाळा, आजी-मावशी यांपैकी काहीतरी सोय लागली तरच लग्न टळतं. हे बघणं आणि जुळवणं शिकावं लागतं.

फील्डवर्क कसं चालतं?

हाच या पदवीचा कणा. बहुतेक महाविद्यालयांत आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी गावात, वस्तीत, शाळेत, दवाखान्यात किंवा एखाद्या संस्थेत काम करतो. बाकीचे दिवस वर्ग. वर्गात व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती या पद्धती शिकवतात.

पहिल्या वर्षी बघणं आणि ऐकणं जास्त. पुढं बचत गटाची बैठक घेणं, एखाद्या कुटुंबाला सोबत करणं, ग्रामसभेसाठी लोकांना तयार करणं अशी कामं येतात. प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा आणि मार्गदर्शक प्राध्यापकांसमोर बसून त्यावर बोलायचं. कुठं चुकलं, कुठं घाई केली, हे तिथं उलगडतं. याशिवाय ग्रामीण शिबिर असतं.

खेड्यात एक गोष्ट अवघड जाते. सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळं एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात सांगायचं नाही, हा नियम पाळताना कस लागतो. तो मोडला की लोक पुन्हा तोंड उघडत नाहीत.

नोकरी लागते का?

लागते, पण चित्र स्पष्ट असावं.

• जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सेवाभावी संस्था, बालगृहं, कंपन्यांचे सीएसआर प्रकल्प, उमेद अभियान अशा ठिकाणी कामं निघतात.
• यातली बरीच पदं कंत्राटी असतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत जिल्हा कक्षातल्या सामाजिक कार्यकर्त्याचं मानधन महिना १८,५३६ रुपये ठरलेलं आहे. या पदाला समाजशास्त्राचा पदवीधरही चालतो, म्हणजे स्पर्धा असते.
• दवाखान्यातला समाजसेवा अधीक्षक किंवा वरच्या पदांसाठी बहुतेक वेळा एमएसडब्ल्यू मागतात. म्हणून अनेक जण पुढं आणखी दोन वर्षं शिकतात.
• पदवी असल्यानं एमपीएससीच्या राज्यसेवेसारख्या परीक्षा देता येतात.

खर्च आणि शिष्यवृत्ती

अनुदानित महाविद्यालयात फी कमी, विनाअनुदानितमध्ये जास्त. पात्र विद्यार्थ्यांनी महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं निकालाआधीच तयार ठेवावं. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचा दूरशिक्षणातला बीएसडब्ल्यू आहे, फील्डवर्क मात्र त्यातही चुकत नाही.

महाविद्यालय निवडताना विचारा

• महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे? अनुदानित की विनाअनुदानित?
• फील्डवर्कसाठी कोणत्या गावांत, संस्थांत पाठवतात?
• अहवाल कोण तपासतं, दर आठवड्याला चर्चा होते का?
• शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना भेटता येईल का?

"नुसती फी भरा, यायची गरज नाही," असं कुठं सांगितलं तर तिथून परत फिरावं. कागद हातात येईल, पण मुलाखतीत "तुम्ही कोणत्या गावात काय काम केलं?" हा प्रश्न आला की बोलायला काही नसेल.