दोन चाकांवरची पणजी

नातीच्या हट्टापायी दहाएक वर्षांपूर्वी मी पणजीत सेगवेवर चढलो होतो. हसू नका! दोन चाकं, मध्ये उभं राहायची फळी आणि समोर दांडा. पुढे वाकलं की चालतं, मागे रेललं की थांबतं. २००१ साली अमेरिकेत डीन केमन यांनी ते आणलं, तेव्हा शहरं बदलणार म्हणे. शहरं काही बदलली नाहीत. २०२० साली ते बनवणंही बंद झालं. पर्यटकांना मात्र त्याने भरपूर फिरवलं.

"आजोबा, खाली बघू नका, समोर बघा," नात ओरडत होती. गाईड मांडवीकाठाने पुढे चालला होता. आदिलशाही राजवाडा, १७५९ पासून तिथे राहिलेले व्हाइसरॉय, १८४३ साली पणजीला मिळालेला राजधानीचा मान, शेजारचा आबे फारियांचा पुतळा. सगळं त्याने दहा मिनिटांत उरकलं. चुकीचं काहीच सांगितलं नाही. पण त्या राजवाड्यातून चाललेला कारभार आमच्या आरोंद्याच्या घरापर्यंत कसा पोचला, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांचाच. तो पोर्तुगिजांकडे गेला तरी तेरेखोलच्या खाडीपलीकडे सोयरिकी चालूच राहिल्या. माझी आत्येही पेडण्यातच दिलेली. ऑगस्ट १९५५ मध्ये सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारताने सीमा बंद केली. पुढच्याच वर्षी आजोबा गेले. आत्येला निरोप पोचला, पण येता आलं नाही. मधे एक खाडी, आणि लेकीला बापाचं तोंड दिसलं नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आत्ये आली. "इलंय रे एकदाची!" म्हणाली आणि आजोबांच्या रिकाम्या आरामखुर्चीपाशी बसून राहिली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. शाळेत पुढे कितीतरी वर्षं मुलांना गोवामुक्ती शिकवली, पण ती खुर्ची काही शिकवता आली नाही.

फेरी संपल्यावर नातीला हे सांगितलं. तिने विचारलं, "पण आत्ये होडीने का नाही आली?"

त्या सकाळी आम्ही खाडी ओलांडली, तेव्हा आम्हांला कुणी परवाना विचारला नव्हता. आता तर आरोंद्याहून किरणपाणीला पूलच झाला आहे. तिला प्रश्न पडला, याचंच मला बरं वाटलं.

असो. गुडघे मात्र आठवडाभर दुखले!