ढाक: पंजाबी कड, जपानी कंबर आणि गोळेश्वरचा पैलवान

सातारा-सांगलीकडच्या यात्रेत फड रंगला की कडेला बसलेला एखादा जाणता हमखास ओरडतो, ‘ढाक मार, ढाक!’ आपल्या डावांची नावं बहुतेक स्वतःच बोलतात. घिस्सा म्हटलं की घासणं आलं, मोळी म्हटलं की आवळून बांधणं आलं, धोबीपछाडीत तर धोबी समोरच उभा राहतो. ढाक मात्र मराठीत काहीच बोलत नाही. याचा उलगडा मला पंजाबीत मिळाला. पंजाबी बाई पोर किंवा घडा जिथे टेकवते, त्या कमरेच्या बाजूला ‘ढाक’ म्हणतात. आपण पोराला कडेवर घेतो, तीच ही जागा.

आता डाव बघा. समोरच्याची मान आणि एक दंड एकाच विळख्यात घ्यायचा. पाय फिरवत, त्याच्याकडे पाठ करत आत शिरायचं. आपली कंबर त्याच्या पोटाखाली सारायची आणि त्याला तिच्यावरून ओढून पाठीवर घालायचा. बघणाऱ्याला हाताचा विळखा दिसतो, पण माणूस उलटतो तो कमरेवरून. विळखा कितीही घट्ट असू द्या, कंबर अर्धवट आत गेली तर डाव मारणाराच खाली येतो.

या व्युत्पत्तीला स्पर्धक आहेत. पहिली ‘धाक’. ती मी लगेच बाजूला ठेवतो, कारण ध आणि ढ यांत मराठी माणूस गफलत करत नाही. दुसरी म्हणजे ढाक नावाचा ढोल किंवा पळसाचं झाड. त्यांचा अंगाशी संबंध नाही. तिसरी खरी तगडी आहे: हिंदीतलं ‘ढाकना’, म्हणजे झाकणं. समोरच्याचं डोकं काखेत झाकलं जातं म्हणून ढाक. ऐकायला पटतं. पण डोकं किंवा मान दाबून झाकणं कुस्तीत जागोजागी येतं, मग हे नाव याच डावाला का? उलट ज्या अवयवावर डाव उभा, त्याचंच नाव डावाला देण्याची रीत आपल्याकडे सरसकट दिसते. टांग मारतात ती टांगेने, बगलडूब होते ती बगलेतून. त्याच रांगेत ढाक बसते. माझा कौल कमरेला.

पंजाबी शब्द कृष्णाकाठी कसा आला, याचं उत्तर मला कोल्हापुरात दिसतं. शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्यात उत्तरेकडच्या मल्लांचा मोठा वाटा होता. गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष खासबागेत लढला. खासबागेचं मैदान 1912 चं. पंजाबी वस्ताद तालमीत उतरले की त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही हौद्यात उतरणारच. ‘कुस्ती’ आणि ‘पैलवान’ हे शब्दसुद्धा फारसीतून आलेले आहेत. डाव मात्र त्याहून जुना असावा. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. इतकी बांधीव मल्लविद्या असलेल्या मुलखाला कमरेवरून माणूस फेकायला कोणी बाहेरून शिकवलं असेल, असं मला वाटत नाही. माझ्या मते डाव इथला आणि नाव तिकडचं.

आता या डावाने गाजलेला माणूस. खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म 15 जानेवारी 1926, कराडजवळचं गोळेश्वर. वडील पैलवान. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण, पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा क्रमांक. 1952 ला हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. 23 जुलैला बँटमवेट गटात कांस्यपदक मिळालं, आणि हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

काहीजण सांगतात, खाशाबांची मॅटवरची कुस्ती घडवली ती लंडनमध्ये अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी, आणि डोक्याचा विळखा हा पाश्चात्त्य कुस्तीतलाच प्रकार. गार्डनर यांचं ऋण मान्य, पण ते मॅटचं, गुणांचं आणि नियमांचं. कमरेचा फिरका गोळेश्वर-कराडच्या मातीतच अंगात मुरला होता. शिवाय मॅटवर मोकळं डोकं एकटं पकडता येत नाही, बरोबर हात घ्यावा लागतो. ढाकेत दंड आणि मान मुळातच एकत्र येतात. म्हणून हा डाव मातीवरून मॅटवर जाताना काही गमावत नाही.

हेलसिंकीत कॅनडा आणि मेक्सिकोचे मल्ल खाशाबांपुढे हरले. सोव्हिएत संघाच्या ममेदबेकोव्हकडून आणि जपानच्या शोहाची इशीकडून मात्र खाशाबा हरले. इशीला सुवर्ण मिळालं. हा इशी मुळात ज्यूदोचा. महायुद्धानंतर अमेरिकन अंमलात ज्यूदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. आणि ज्यूदोत मानेला विळखा घालून कमरेवरून फेकण्याचा जो डाव आहे, त्याचं नाव कोशी-गुरुमा. कोशी म्हणजे कंबर, गुरुमा म्हणजे चाक. म्हणजे पंजाबी वस्तादाला आणि जपानी गुरूला या डावात एकच अवयव दिसला!

जपान्यांनी तो आपल्याकडून घेतला असं मी म्हणणार नाही, पण उसनवारी त्यांनाही वर्ज्य नव्हती. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी एका दांडग्या सहाध्यायाला उलटवण्यासाठी पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक उघडलं आणि त्यातून काता-गुरुमा बसवला. आपल्या तालमीत तोच कलाजंग.

खाशाबांची ढाक इशीपुढे चालली नसावी याचं कारण मला इथेच दिसतं. बाकीच्या बऱ्याच जणांना ती तितकी सवयीची नसावी, इशीने ती लहानपणापासून खाल्ली आणि मारली असणार. तिची तोड मातीत आणि ज्यूदोत एकच: समोरचा पाठ फिरवायला लागला की मान सोडवत बसू नका, गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कमरेखाली टाका आणि मागून कवळा घाला. हात कितीही ओढोत, ज्याची कंबर खाली त्याची कुस्ती.