डिस्क प्लेअर, हाय-रेझोल्यूशन ध्वनीसाठी

साध्या सीडीत मावत नाही इतक्या तपशिलाने नोंदलेला ध्वनी ज्या डिस्कवर असतो, ती डिस्क घरी वाजवण्याचे यंत्र. सुपर ऑडिओ सीडी (एसएसीडी), डीव्हीडी-ऑडिओ आणि ब्लू-रे ऑडिओ हे अशा डिस्कचे तीन मुख्य प्रकार होत. ‘हाय-रेझोल्यूशन’साठी ‘उच्च विभेदन’ असा प्रतिशब्द देता येतो, पण ऐकणारे आणि विकणारे दोघेही ‘हाय-रेझ’च म्हणतात. ‘तबकडी’ म्हटले की ग्रामोफोनची काळी रेकॉर्ड डोळ्यांपुढे येते, म्हणून येथे ‘डिस्क’ हाच शब्द ठेवला आहे. संगणकीय फायली आणि स्ट्रीमिंग हा वेगळ्या नोंदीचा विषय आहे.

पार्श्वभूमी : सीडीचे मानक फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये निश्चित केले आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला प्लेअर जपानमध्ये विक्रीस आला. सीडीसाठी दर सेकंदाला प्रत्येक वाहिनीचे ४४,१०० नमुने घेतात व प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहितात. माणसाला ऐकू येणारी सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतची कक्षा त्यात बसते. पुढे स्टुडिओंत २४ बिटांचे ध्वनिमुद्रण रुळले आणि डीव्हीडीमुळे डिस्कवर जागाही वाढली. सीडीच्या पेटंटांची मुदत संपत आल्याने दोन्ही कंपन्यांना नवे मानक हवेच होते, असेही सांगितले जाते. १९९९ मध्ये त्यांनी एसएसीडी आणली. त्याच वर्षी डीव्हीडी फोरमने डीव्हीडी-ऑडिओचे मानक पक्के केले. एकाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नव्हती, आणि त्या भांडणात गिऱ्हाईक दोघांपासूनही दूर राहिले.

पहिला एसएसीडी प्लेअर म्हणजे सोनीचा एससीडी-१. वजन सुमारे २६ किलो, अमेरिकेतील किंमत ५,००० डॉलर. वरचे झाकण मागे सरकवून डिस्क ठेवायची आणि ती हलू नये म्हणून तिच्या मध्यभागी धातूची जड चकती बसवायची, अशी त्याची तऱ्हा होती. एवढे करून तो दोनच वाहिन्या वाजवत असे.

एसएसीडी : सीडी १६ बिटांचे आकडे लिहिते, एसएसीडी एकच बिट लिहिते, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या वेगाच्या ६४ पट. या पद्धतीला डीएसडी (डायरेक्ट स्ट्रीम डिजिटल) म्हणतात. एका बिटाच्या नोंदीत येणारा गोंगाट गणिताने २० किलोहर्ट्झच्या वर ढकललेला असतो. तो तेथे राहतोच, फक्त ऐकू येत नाही. म्हणून प्लेअरमध्ये तो गाळणारी चाळणी लागते. ती नीट नसेल, तर काही ॲम्प्लिफायर विनाकारण तापतात.

जागेचा हिशेब उद्बोधक आहे. दोन वाहिन्यांच्या डीएसडीला सेकंदाला ५६.४ लाख बिट लागतात, सहा वाहिन्यांना त्याच्या तिप्पट. ७४ मिनिटांचे संगीत दोन्ही रूपांत ठेवायचे तर सुमारे १२.५ गिगाबाइट होतात आणि एसएसीडीच्या थरात मावतात ४.७. म्हणून डीएसटी नावाची, मूळ माहिती तिळभरही न गमावणारी आवळणी वापरतात. ती सोडवण्याचे काम प्लेअरने करायचे असते.

‘हायब्रिड’ डिस्कमध्ये दोन थर असतात. वाचणाऱ्या बाजूने ०.६ मिलिमीटर खोलीवर एसएसीडीचा अर्धपारदर्शक थर आणि १.२ मिलिमीटरवर, छापील बाजूच्या लगत, साध्या सीडीचा थर. ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर पहिल्या थरावरून परततो. सीडी प्लेअरचा ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर त्यातून आरपार जाऊन मागचा थर वाचतो. म्हणून अशी डिस्क कोणत्याही सीडी प्लेअरवर वाजते. २००२ मध्ये रोलिंग स्टोन्सचे जुने अल्बम याच रूपात पुन्हा निघाले. मुखपृष्ठावर त्याचा ठळक उल्लेख नव्हता, त्यामुळे घरात एसएसीडी आहे हे न कळताच ती वर्षानुवर्षे सीडी म्हणून वाजवली गेल्याची उदाहरणे आहेत.

डीव्हीडी-ऑडिओ : दोन वाहिन्यांना २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत; सहा वाहिन्यांना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत. सहा वाहिन्या उघड्या लिहिल्या, तर सेकंदाला १३८ लाख बिट होतात आणि मानकाची मर्यादा ९६ लाख आहे. म्हणून मेरिडियन कंपनीची एमएलपी ही आवळणी स्वीकारली गेली. डीव्हीडी-व्हिडिओच्या प्रत-संरक्षणाचे कुलूप १९९९ च्या अखेरीस फुटल्याने नवे कुलूप घडवावे लागले आणि प्लेअर २००० पर्यंत लांबले. बऱ्याच डिस्कवर साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी डॉल्बी किंवा डीटीएसमधील दुसरी प्रत असते; ‘माझ्याकडे वाजते’ असे सांगणारा पुष्कळदा तीच ऐकत असतो. हा प्रकार आता जवळजवळ बंद पडला आहे.

ब्लू-रे ऑडिओ : नॉर्वेच्या टू-एल कंपनीने २००८ मध्ये आरंभ केला. कोणत्याही ब्लू-रे प्लेअरवर चालते.

प्रत-संरक्षण आणि जोडणी : प्लेअरची निवड प्रत्यक्षात येथे होते. पुढच्या पटलावरील चिन्हे डिस्क कोणत्या वाचता येतील ते सांगतात; वाचलेले बाहेर कोणत्या वाटेने जाईल, ते मागचे पटल सांगते. प्लेअर विकत घेताना तो फिरवून पाहावा.

एसएसीडीवर माहिती सांकेतिक रूपात असते आणि तिची किल्ली डिस्कवरील खाचांच्या घडणीतच लपवलेली असते. संगणकाचा डीव्हीडी ड्राइव्ह ती वाचू शकत नाही. सोनीच्या प्लेस्टेशन-३ चे सुरुवातीचे नमुने वाचू शकत होते आणि त्यांच्याच वाटेने पुढे हे कुलूप उघडले गेले. प्लेअरमधून डीएसडी साध्या कोॲक्सिअल किंवा ऑप्टिकल केबलवर सोडण्यास मनाई होती. त्यामुळे ज्याने महागडा बाहेरचा डॅक (डिजिटलचे ॲनालॉग करणारा परिवर्तक) ऑप्टिकल केबलने जोडला आहे, त्याला एसएसीडी घातल्यावर बहुधा शांतताच ऐकू येते, किंवा तो नकळत सीडीचा थर ऐकत असतो.

वाट मिळाली ती एचडीएमआयमुळे. २००४ च्या १.१ आवृत्तीत डीव्हीडी-ऑडिओ आले, २००५ च्या १.२ मध्ये एसएसीडीचा एक-बिट ध्वनी आला आणि २००६ च्या १.३ मध्ये ब्लू-रेवरील डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी आवळलेल्या रूपातच रिसीव्हरकडे (अनेक वाहिन्यांच्या ॲम्प्लिफायरकडे) नेण्याची सोय झाली. मात्र दोन्ही टोकांची यंत्रे त्या लायकीची हवीत. प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला जोडला असेल, तर टीव्ही डीएसडी घेत नाही. प्लेअर मुकाट्याने पीसीएममध्ये (म्हणजे सीडीसारख्या आकड्यांत) रूपांतर करून पाठवतो. रिसीव्हरच्या पडद्यावर ‘डीएसडी’ उमटले की ‘पीसीएम’ हे पाहणे, हीच खरी खूण. ‘पीसीएम’ दिसत असेल तर आधी प्लेअरच्या मेनूतील डीएसडी आउटपुटची निवड तपासावी.

दोन स्पीकर आणि जुना चांगला ॲम्प्लिफायर असलेल्या घराला एचडीएमआयचा काही उपयोग नाही. तेथे ॲनालॉग आउटपुट असलेला स्टिरिओ प्लेअर हवा. मॅरँट्झ, डेनॉन, यामाहा यांचे असे प्लेअर निघाले आहेत. बहुवाहिनी एसएसीडीवर दोन वाहिन्यांचे स्वतंत्र मुद्रण बहुधा असतेच, त्यामुळे काही हुकत नाही. उलट सोनीच्या यूबीपी-एक्स८०० (२०१७) या ब्लू-रे प्लेअरला ॲनालॉग आउटपुटच नाही. रिसीव्हर असलेल्याला तो स्वस्तात सगळे देतो, नसलेल्याला काहीच देत नाही. पॅनासॉनिकचा डीपी-यूबी९००० चित्रासाठी नावाजला गेला, पण त्यावर एसएसीडी चालत नाही. किमतीवरून अंदाज बांधणाऱ्यांची येथे फसगत होते.

सहा ॲनालॉग तारांनी (५.१) जोडणी करायची असल्यास खर्जाची वाटणी हा वेगळाच घोळ आहे. छोट्या स्पीकरांना न झेपणारा खर्ज सबवूफरकडे वळवावा लागतो, आणि एक-बिट प्रवाहावर हे गणित करणे अवघड असल्याने अनेक प्लेअर त्यासाठी डीएसडीचे पीसीएम करतात. जे करत नाहीत, ते बहुधा खर्ज वळवतही नाहीत. शिवाय सबवूफरच्या वाहिनीची पातळी काही जोड्यांत १० डेसिबलने कमी पडते. ती हाताने वाढवावी लागते.

सार्वत्रिक प्लेअर : सर्व प्रकारच्या डिस्क वाचणारे प्लेअर. ओप्पो डिजिटलचे बीडीपी-८३ (२००९) ते यूडीपी-२०५ (२०१७) हे या वर्गातील सर्वांत परिचित. शेवटच्यात ईएसएस कंपनीच्या ईएस९०३८प्रो या दोन डॅक चिपा होत्या आणि अमेरिकेतील किंमत १,२९९ डॉलर होती. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने नवी उत्पादने थांबवल्याचे जाहीर केले. त्यानंतर वापरलेले प्लेअर नव्याच्या किमतीहून महाग विकले जाऊ लागले. पायोनिअरचा यूडीपी-एलएक्स५०० (२०१८), पुढे रेव्हॉन व मॅग्नेटार यांचे प्लेअर ही जागा भरण्याचे प्रयत्न. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील असाही कासेई कंपनीच्या कारखान्याला आग लागून तिच्या डॅक चिपांचा पुरवठा आटला आणि अनेक ध्वनियंत्र उत्पादकांना आराखडे बदलावे लागले.

ऐकण्यातील फरक : मतभेद आहेत. एका बिटाची पद्धत उत्तम दर्जाच्या कामास मुळातच अयोग्य आहे, असे स्टॅनली लिपशिट्झ व जॉन व्हँडरकॉय यांनी २००१ मध्ये मांडले. डीएसडीच्या समर्थकांना ते मान्य नाही. ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हाय-रेझ ध्वनी सीडीच्या मोजमापातून गाळला असता श्रोत्यांना ५५४ पैकी २७६ वेळाच तो ओळखता आला, म्हणजे छापा-काट्याइतकाच. जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यांना ५० टक्क्यांहून किंचित जास्त, आणि प्रशिक्षित श्रोत्यांत अधिक, यश आढळले. हायब्रिड डिस्कचे दोन थर आलटून-पालटून ऐकणे ही चाचणी नव्हे, कारण दोन्ही थरांचे मास्टरिंग पुष्कळदा वेगळे असते. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या २००३ मधील डिस्कबाबत असा फरक नोंदवला गेला आहे.

भारतीय संगीत : विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) एसएसीडीवर उपलब्ध झाला. हिंदुस्थानी संगीत, नाट्यसंगीत व भावगीते मात्र मुख्यतः साध्या सीडीवर निघाली. असा संग्रह असलेल्या घरात प्लेअर सीडी किती चांगली वाजवतो, हाच प्रश्न आधी येतो.

एचडीसीडी, एक्सआरसीडी, एसएचएम-सीडी, ब्लू-स्पेक सीडी : या सीडीच आहेत, वेगळा प्लेअर लागत नाही. एचडीसीडीतील जादा माहितीसाठी तेवढा डीकोडर लागतो.

वापरलेला प्लेअर : आधी लेसर बघावा. झिजलेला लेसर एक प्रकार वाचतो आणि दुसरा नाकारतो. सीडी सुरळीत चालते आणि एसएसीडी घातली की यंत्र दोन-तीनदा खरखरून ‘नो डिस्क’ दाखवते. आपली हायब्रिड डिस्क बरोबर न्यावी, थर एसएसीडीवर ठेवून शेवटचे गाणे वाजवावे. डिस्क आतून बाहेर वाचली जात असल्याने डगमग बाहेरच्या कडेला दिसते. जुन्या नमुन्यांचे लेसर आता सहज मिळत नाहीत. जपानमधून आणलेला प्लेअर १०० व्होल्टचा आणि अमेरिकेतला १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न लावता तो जोडल्यास पॉवर सप्लाय जळतो. एसएसीडीला प्रदेशाचे बंधन नाही. चित्रपटांच्या डिस्कना आहे : भारत डीव्हीडीसाठी ५ व ब्लू-रेसाठी ‘सी’ प्रदेशात येतो.

रिमोट : थर आणि वाहिन्या निवडण्याची बटणे अनेक नमुन्यांत फक्त रिमोटवर असतात. रिमोट हरवलेला प्लेअर सीडीच्या थरावर अडकून राहिला, तर पुढच्या पटलावरून तो हलवता येत नाही.